वेगमर्यादा ओलांडल्याचा दंड : न्यायालयात आव्हान द्यावे का?

पांथस्थ :

नमस्कार. मागच्या आठवड्यात मला टपालाने वेगमर्यादा ओलांडल्याची नोटीस आली. तिच्यात लिहिल्याप्रमाणे, ताशी ६० किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर माझी मोटार ताशी ७४ किलोमीटर वेगाने जात होती. दिवस, वेळ आणि ठिकाण बरोबर आहे, गाडी माझीच आहे आणि चालवतही मीच होतो. त्याबद्दल माझा काही वाद नाही. वाद आहे तो ७४ या आकड्याबद्दल. त्या रस्त्याने मी रोज जातो, तिथे कॅमेरा आहे हेही मला ठाऊक आहे, आणि उड्डाणपूल चढताना मी वेगाच्या काट्याकडे पाहिले तेव्हा तो ६५च्या जवळ होता, हे मला स्पष्ट आठवते.

नोटिशीसोबतचे छायाचित्र मागून घेतलेले आहे. त्यात माझ्या गाडीचा क्रमांक स्वच्छ वाचता येतो, पण शेजारच्या मार्गिकेतल्या एका मालवाहू टेम्पोचा मागचा कोपराही दिसतो. तो मला ओलांडून पुढे जात होता की मी त्याला, हे त्या एका चित्रावरून सांगता येत नाही. रडारने त्याचा वेग मोजून तो माझ्या नावावर टाकला असेल का, ही शंका तेव्हापासून मनातून जात नाही.

दंडाची रक्कम मला झेपेल अशी आहे. खरा प्रश्न परवान्याचा आहे. ठरावीक टप्प्याच्या वर वेग गेला की आमच्याकडे परवान्यावर नोंद होते, आणि माझे काम वाहन चालवण्याशी जोडलेले असल्यामुळे ती नोंद मला कामाच्या ठिकाणी दाखवावी लागेल. १९ वर्षांत माझ्या परवान्यावर एकही नोंद झालेली नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे घरचे मला रोज सांगत आहेत. पण जे मी केले नाही ते केले असे लिहून देणे माझ्या जिवावर येते. उत्तर देण्याची मुदत संपायला अजून १७ दिवस आहेत. ज्यांना या विषयाची माहिती आहे किंवा अनुभव आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मोजमाप :

मापन-उपकरणांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून कायद्याची बाजू इतरांवर सोडून मी फक्त यंत्राबद्दल लिहितो.

आधी तुमच्या काट्याबद्दल. वाहनाच्या वेगदर्शकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, असा संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन-नियमनाचा दंडक आहे आणि पुष्कळ देशांनी तो स्वीकारलेला आहे. जास्त दाखवण्याची मुभा मात्र खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतकी मोठी आहे. त्यामुळे तुमच्या गाडीला कंपनीने सांगितलेल्या मापाचेच टायर असतील, तर काटा ६५वर असताना खरा वेग ६५ किंवा त्याहून थोडा कमीच असणार. (मोठ्या घेराचे टायर बसवले असतील, तर हा हिशेब उलटतो, कारण चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते आणि काट्याला ते कळत नाही.) याचा अर्थ तुमच्या आठवणीत आणि यंत्राच्या आकड्यात निदान ९ किलोमीटरची तफावत आहे. एवढी तफावत किरकोळ त्रुटीने पडत नाही. एक तर यंत्राने मोठी चूक केली आहे, नाही तर हे दोन आकडे दोन वेगवेगळ्या क्षणांचे आहेत. काटा तुम्ही पूल चढताना पाहिला, असे तुम्ही लिहिले आहे; कॅमेरा चढावर आहे की उतारावर, हे मात्र लिहिलेले नाही.

आता रडार. हलणाऱ्या वस्तूवरून परत आलेल्या लहरीची वारंवारता बदलते, हे तत्त्व ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडले आणि वेग मोजणारे रडार त्यावरच चालते. २४ गिगाहर्ट्झच्या आसपासची लहर समोरासमोर पाठवली आणि वाहन ताशी ७४ किलोमीटरने जात असेल, तर परतलेल्या लहरीत सुमारे ३३०० हर्ट्झचा फरक पडतो, आणि एवढा फरक आजची उपकरणे सहज अचूक मोजतात. मोजण्याच्या क्रियेत सहसा चूक नसते. चूक असलीच तर ती कोणाचा वेग मोजला आणि कोणत्या कोनातून मोजला, या दोन ठिकाणी असते.

कोनाचा मुद्दा न्यायालयात पुष्कळ लोक मांडतात आणि बहुतेक वेळा तो त्यांच्याच विरुद्ध जातो. हातात धरलेले रडार रस्त्याच्या कडेने तिरके रोखले, तर ते खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवते. १० अंशांच्या कोनाला दीड टक्का कमी, २० अंशांना ६ टक्के कमी. त्यामुळे कोन चुकला या तक्रारीचा अर्थ वाहनचालक नोंदलेल्यापेक्षाही वेगात होता असा निघतो. खांबावर कायम बसवलेल्या कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याचा कोन आधीच ठरलेला असतो आणि यंत्र तेवढी घट भरून काढूनच आकडा देते. तिथे खांब किंचित फिरला असेल, तर आकडा जास्तही येऊ शकतो. पण किती, हे पाहा. २० अंशांवर लावलेला कॅमेरा प्रत्यक्षात १८ अंशांवर असेल, तर चूक १.२ टक्क्यांची होते. तुमच्या बाबतीत ती ताशी एका किलोमीटरहूनही कमी भरेल. ९ किलोमीटरचा फरक कोनाने भरून निघत नाही.

उरतो तो टेम्पो. रडारची शलाका जसजशी पुढे जाते तसतशी रुंदावते, त्यामुळे एकाच वेळी दोन वाहने तिच्या टप्प्यात आली तर वेग नेमका कोणाचा, हा प्रश्न खराच उभा राहतो. लहर एका वाहनावरून दुसऱ्यावर आणि तिथून परत यंत्राकडे आली, तर भलताच आकडा दिसू शकतो. तुमची शंका चुकीची नाही. पण ती शंका म्हणून न्यायालयासमोर ठेवण्यापेक्षा तुम्ही स्वतः तपासून पाहू शकता, आणि हेच मला मुख्यतः सांगायचे आहे.

अनेक कॅमेरे एक नव्हे, दोन छायाचित्रे घेतात, बहुधा अर्ध्या सेकंदाच्या अंतराने. मॉरिस गॅट्सोनिडीस या डच मोटारशर्यतपटूंनी वळणावरचा स्वतःचा वेग मोजण्यासाठी जे उपकरण बनवले, त्यातून पुढे आलेल्या कॅमेऱ्यांमुळे ही पद्धत जगभर पोहोचली. रस्त्यावर ठरावीक अंतराने पांढऱ्या आडव्या खुणा असतात, आणि दोन चित्रांच्या दरम्यान गाडी किती खुणा पुढे गेली ते मोजले की रडारशिवाय वेग काढता येतो. ७४च्या वेगाने गाडी अर्ध्या सेकंदात १०.३ मीटर जाते आणि ६५च्या वेगाने ९ मीटर. हा सव्वा मीटरचा फरक डोळ्यांना दिसणारा आहे. दुसरे छायाचित्र मागवा, चित्राच्या कोपऱ्यात छापलेल्या दोन वेळांमधला फरक पाहा, आणि गाडीचे मागचे चाक दोन्ही चित्रांत जमिनीवर नेमके कुठे टेकते ते शोधा.

यंत्रे चुकत नाहीत, असे मी मुळीच म्हणत नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात २००३ मध्ये एका जुन्या लहान मोटारीचा वेग ताशी १५८ किलोमीटर नोंदला गेला, आणि चाचणीत ती मोटार तेवढा वेग घेऊच शकत नाही असे दिसले. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात २०१२ मध्ये सिग्नलला थांबलेल्या मोटारीला वेगाबद्दल नोटीस गेली होती. सोबतच्या छायाचित्रांत ती जागची हललेलीसुद्धा नव्हती. पुढच्याच वर्षी त्या शहराने आपले कॅमेरे बंद केले. या दोन्ही ठिकाणी चूक सिद्ध झाली ती स्वतंत्रपणे तपासता येणाऱ्या गोष्टीमुळे. वाहनचालकाची आठवण किती पक्की होती, याला तिथे महत्त्व नव्हते.

न्यायपथ :

मी वकिली करतो आणि अशी प्रकरणे अधूनमधून माझ्याकडे येतात. नियम देशागणिक वेगळे असल्यामुळे आपल्या ठिकाणचा नियम स्थानिक वकिलाकडून समजून घ्यावा, पण काही गोष्टी बहुतेक सगळीकडे सारख्या आहेत.

सर्वांत आधी मुदत सांभाळा. गुणवत्तेवर टिकली असती अशी जी प्रकरणे मी वाया गेलेली पाहिली आहेत, त्यांतली बरीचशी केवळ उशिरामुळे गेली. त्याचबरोबर, निर्णय होईपर्यंत दंड भरू नका, कारण दंड भरणे म्हणजे गुन्हा मान्य करणे असे बहुतेक ठिकाणी धरले जाते आणि तिथेच प्रकरण संपते. आधी भरतो आणि मग भांडतो, असे सहसा चालत नाही.

दुसरे असे, की वेगमर्यादेच्या गुन्ह्यात हेतू पाहिला जात नाही. घाई होती, रस्ता मोकळा होता, बाकीचेही त्याच वेगाने जात होते, १९ वर्षांत नोंद नाही, यांतले काहीही बचाव ठरत नाही. शिक्षा सौम्य करण्यासाठी मात्र यांतल्या काही गोष्टी उपयोगी पडतात. बचाव असतो तो पुराव्यातल्या आणि प्रक्रियेतल्या उणिवांचा. म्हणून उपकरणाचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र (म्हणजे उपकरण अचूक मोजते असे तपासून दिलेला दाखला), ते कोणत्या तारखेपर्यंत वैध होते याची नोंद, त्या दिवशीच्या तपासणीची नोंद आणि सर्व छायाचित्रे लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाची पोच जपून ठेवा. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली घातलेल्या नियम १६७अ प्रमाणे अशा उपकरणाला राज्याच्या नियुक्त प्राधिकरणाचे मान्यता प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. इंग्लंडमध्ये कॅमेऱ्याने पकडलेल्या वाहनाच्या नोंदणीकृत धारकाला पहिली सूचना साधारणतः १४ दिवसांच्या आत पोहोचावी लागते. जर्मनीत मोजलेल्या वेगातून ताशी १०० किलोमीटरपर्यंत सामान्यतः ३ किलोमीटर सूट म्हणून वजा करतात, आणि आरोपीला खटल्याच्या फायलीत नसलेली मूळ मापन-माहितीही पाहू देण्याचा हक्क तत्त्वतः आहे, असे तिथल्या संघीय घटनात्मक न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितले आहे. कागद मागितले म्हणून कोणी आपल्याला भांडखोर समजेल, असा संकोच ठेवू नका. तो आपला हक्क आहे.

खर्चाचा अंदाज मात्र डोळे उघडे ठेवून करा. आपल्यासारखीच शंका असलेल्या इंग्लंडमधील एका निवृत्त अभियंत्यांनी १०० पौंडांच्या दंडाला आव्हान दिले होते. शेजारच्या मार्गिकेतल्या मोटारीमुळे कॅमेऱ्याची फसगत झाली असावी, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते मांडण्यासाठी त्यांनी तज्ज्ञही आणला. प्रकरण जवळजवळ तीन वर्षे चालले, २०१९ मध्ये ते अपिलातही हरले आणि तोपर्यंत त्यांचे सुमारे ३० हजार पौंड खर्च झाले होते. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण असे असू शकते हे दाखवणे आणि तसेच झाले हे दाखवणे यांत न्यायालय फरक करते. मान्यताप्राप्त उपकरणाचा आकडा उलट सिद्ध होईपर्यंत बरोबर मानण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, हे लक्षात ठेवावे.

एक गोष्ट आपल्याला उद्देशून नाही, पण हा धागा इतरही वाचतील म्हणून लिहितो. गाडी दुसराच कोणी चालवत होता असे सांगून टाक, हा सल्ला या विषयावर कोणी ना कोणी देतोच. ऑस्ट्रेलियातील माजी संघीय न्यायाधीश मार्कस आइनफेल्ड यांना २००६ मध्ये ताशी ५० किलोमीटरच्या मर्यादेत ६०ने गेल्याबद्दल ७७ डॉलरचा दंड झाला. तो टाळण्यासाठी त्यांनी आपली एक मैत्रीण गाडी चालवत होती असे शपथेवर सांगितले. ती तीन वर्षांपूर्वीच वारली होती. २००९ मध्ये त्यांना तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

अनुभवातून :

मी स्वतः असे प्रकरण लढवून हरलो आहे, आणि ज्या प्रश्नावर हरलो तो तुम्हाला आधीच कळावा असे मला मनापासून वाटते.

माझी मर्यादा ५०ची होती आणि नोंद ६३ची. माझीही पक्की खात्री होती की मी इतक्या वेगात नव्हतो. दोन तारखा पुढे ढकलल्या गेल्या, तिसऱ्या तारखेला दुपारी अडीच वाजता माझा पुकारा झाला. कॅलिब्रेशनच्या प्रमाणपत्रावर पिवळ्या शाईने खुणा करून मी फाइल नीट लावून नेली होती. न्यायाधीशांनी माझे सगळे ऐकून घेतले, मध्ये एकदाही अडवले नाही, आणि शेवटी शांतपणे एकच प्रश्न विचारला : तुमच्या म्हणण्याप्रमाणे तुमचा वेग किती होता? मी म्हणालो, ५६ किंवा ५७, त्याहून नक्की जास्त नाही. टंकलेखकाने ते वाक्य टंकले, आणि ते टंकले जात असतानाच मला कळले की मर्यादा ओलांडल्याची कबुली मी स्वतःच्या तोंडाने दिली आहे.

तुम्ही लिहिले आहे की काटा ६५च्या जवळ होता. मर्यादा ६०ची आहे. शपथेवर हा प्रश्न आला तर तुम्ही काय उत्तर द्याल, हे आज कागदावर लिहून पाहा. जे केले नाही ते मान्य करणे तुमच्या जिवावर येते, हे मला पूर्ण समजते, कारण माझेही तसेच झाले होते. पण तुमच्या म्हणण्यातच थोडे तरी केले असल्याचे आले आहे.

न्यायपथ :

वरील प्रतिसाद अत्यंत महत्त्वाचा आहे आणि हा मुद्दा मी आधीच मांडायला हवा होता. आपल्या बाबतीत निर्दोष सुटण्याचा प्रश्न जवळजवळ नाहीच. प्रश्न आहे तो आकड्याचा, म्हणजे आपण खालच्या टप्प्यात मोडता की परवान्यावर नोंद होते त्या टप्प्यात. गुन्हा मान्य, पण नोंदलेला वेग अमान्य, अशी भूमिका घेण्याची सोय अनेक न्यायव्यवस्थांत आहे. तशी ती आपल्याकडे असेल, तर लढाई लहान होते, खर्च कमी होतो आणि खरे बोलूनच ती लढता येते. मात्र त्यासाठी ७४ चुकीचा आहे एवढे सांगून भागत नाही; बरोबर आकडा कोणता आणि तो कशावरून, हे दाखवावे लागते. म्हणून दुसरे छायाचित्र येईपर्यंत कोणताच निर्णय घेऊ नका.

पांथस्थ :

सर्वांचे मनापासून आभार. अनुभवातून यांचा प्रतिसाद वाचल्यावर मी तो आकडा खरोखर कागदावर लिहिला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो. मी सुरुवातीपासून स्वतःला निर्दोष समजत होतो, आणि ते खरे नव्हते.

अर्ज केल्यावर नवव्या दिवशी दोन्ही छायाचित्रे आणि कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र मिळाले. प्रमाणपत्र त्या तारखेला वैध होते. दोन चित्रांत अर्ध्या सेकंदाचे अंतर आहे. रस्त्यावरच्या खुणा डांबराच्या नव्या थराखाली अर्धवट झाकल्या गेल्या असल्यामुळे त्यांवरून मोजणी होईना, म्हणून मी दुसरी खूण शोधली. पहिल्या चित्रात मागचे डावे चाक पावसाच्या पाण्याच्या जाळीच्या अगदी रेषेत आहे. दुसऱ्यात ते कठड्याच्या दोन दगडांमधल्या सांध्यापाशी आहे. रविवारी पहाटे पदपथावर उभा राहून, रस्त्यावर न उतरता, मी फीत लावून कडेकडेने मोजले. दगड १६ भरले, शिवाय जाळीच्या कडेपासून पहिल्या दगडापर्यंतचा तुकडा. एकूण अंतर १० मीटर २० सेंटिमीटर आले. दुसऱ्यांदा मोजले तेव्हा १० मीटर ३० आले.

मोजमाप :

चाक चित्रात नेमके कुठे टेकते हे ओळखण्यात २० सेंटिमीटरची चूक धरली, तरी वेगात ताशी दीड किलोमीटरचाच फरक पडतो. तुमच्या मोजणीप्रमाणे वेग ७२ आणि ७६ यांच्या दरम्यान येतो. ६५ असता तर फीत ९ मीटरवर थांबली असती. इतक्या काळजीने मोजल्याबद्दल तुमचे कौतुक वाटते. दोन्ही चित्रांत टेम्पो कुठे होता?

पांथस्थ :

टेम्पो जवळपास माझ्याच वेगाने चालला होता. दोन्ही चित्रांत तो माझ्यापासून तितक्याच अंतरावर दिसतो. त्यामुळे वेग त्याचा मोजला की माझा, या प्रश्नाला अर्थ उरत नाही.

तुम्ही पहिल्याच प्रतिसादात विचारले होते, कॅमेरा चढावर आहे की उतारावर. तो उतार संपतो तिथे आहे. मोजायला गेलो त्या दिवशी परत येताना त्याच पुलावरून नेहमीसारखी गाडी चालवली आणि माथ्यावर ६० असलेला काटा, पाय पेडलवरून न हलवता, उतार संपेपर्यंत कुठे जातो ते पाहिले. खाली पोहोचण्याआधीच तो ७०च्या पुढे गेला आणि मला ब्रेक लावावा लागला. काटा ६५वर होता ही माझी आठवण खोटी नव्हती, पण ती चढावरची होती. त्यानंतर मी काट्याकडे पाहिलेच नव्हते.

न्यायपथ यांच्या सल्ल्याने मी आव्हान देणार नाही. मुदत गुरुवारी संपते. दंड बुधवारी भरेन, आणि परवान्यावरची नोंद कार्यालयाला कळण्याआधी मी स्वतःच वरिष्ठांना दोन्ही छायाचित्रांसह सांगेन.